मॅकबेथ आणि कुमोनोसु-जो

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याची मॅकबेथ (सु. १६०६) ही शोकात्मिका आणि तीवर आधारलेला आकिरा कुरोसावा (१९१०–९८) या जपानी दिग्दर्शकाचा कुमोनोसु-जो (१९५७) हा चित्रपट. चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थ ‘कोळ्याच्या जाळ्याचा किल्ला’ असा असून इंग्रजी भाषिक देशांत तो थ्रोन ऑफ ब्लड या नावाने ओळखला जातो. रंगभूमीवरील एखाद्या अभिजात शोकात्मिकेचे चित्रपटात रूपांतर होताना काय टिकते, काय गळते आणि काय नव्याने येते, या प्रश्नाची चर्चा करताना ह्या दोन कृतींचा निर्देश नेहमी केला जातो. शेक्सपिअरची एकही ओळ चित्रपटात नाही. स्थळ, काळ, पात्रांची नावे व धर्मकल्पना ही सर्व बदललेली आहेत. तरीही मूळ नाटकाची भीषणता त्यात उतरली आहे, असे अनेक समीक्षकांनी मानले. मात्र दोहोंतील खरा भेद भाषेपेक्षा खोलवर आहे. आपल्या कृत्याला माणूस स्वतः कितपत जबाबदार असतो, या प्रश्नाला नाटक व चित्रपट वेगवेगळी उत्तरे देतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मॅकबेथ हा स्कॉटलंडचा ऐतिहासिक राजा. पहिला डंकन १०४० मध्ये एल्गिननजीकच्या लढाईत मारला गेला आणि मॅकबेथ गादीवर आला. डंकन त्या वेळी वृद्ध नव्हता, तसेच पाहुणा म्हणून आलेला असताना त्याचा झोपेत खून झाला, या गोष्टीलाही इतिहासात आधार नाही. तत्कालीन स्कॉटलंडमध्ये राज्य बापाकडून मुलाकडे जाण्याचा नियम दृढ झालेला नव्हता. राजकुलातील कर्त्या पुरुषाला गादीवर हक्क सांगता येत असे. मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेस गेला होता. यावरून त्याची सत्ता त्या काळी बरीच स्थिर असावी, असे दिसते. १०५७ मध्ये लम्फॅनन येथे डंकनचा मुलगा मॅल्कम याच्या सैन्याशी लढताना तो मारला गेला. त्यानंतर काही महिने मॅकबेथचा सावत्र मुलगा लुलाक हा राजा होता.

शेक्सपिअरपुढे इतिहास होता, तो रॅफेएल हॉलिन्शेड याच्या इतिवृत्ताच्या १५८७ मधील दुसऱ्या आवृत्तीतील. या ग्रंथातील डंकन हा मवाळ व दुबळा राज्यकर्ता आहे. त्याने आपल्या अल्पवयीन मुलास वारस नेमल्यामुळे मॅकबेथला आपला हक्क डावलला गेला असे वाटते. बँको हा त्याचा कटातील साथीदार असतो. राज्य मिळाल्यावर मॅकबेथ सु. दहा वर्षे न्यायाने कारभार करतो व नंतर क्रूर बनतो. पत्नीच्या आग्रहावरून पाहुण्या राजाचा झोपेत खून करण्याची हकीकत याच ग्रंथात आहे. पण ती डॉनवॉल्ड या सरदाराची असून तिचा बळी डफ हा आधीचा राजा आहे.

या सामग्रीतून शेक्सपिअरने केलेली निवड अर्थपूर्ण आहे. डॉनवॉल्डचे कृत्य त्याने मॅकबेथच्या माथी मारले. डंकन वृद्ध, सद्गुणी व सर्वांना आदरणीय केला. वारसाहक्काची तक्रार जवळजवळ पुसून टाकली, बँकोला कटातून वगळले आणि न्यायी राजवटीची दहा वर्षे गाळली. बँकोला निर्दोष ठरविण्यामागे राजकीय कारणही होते. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स हा स्ट्यूअर्ट घराण्यातील असून ते घराणे बँकोपासून उत्पन्न झाले, अशी तेव्हा समजूत होती. (बँको ही व्यक्ती काल्पनिक असल्याचे आधुनिक इतिहासकार मानतात.) राजासह पार्लमेंटचे सभागृह उडवून देण्याचा कट १६०५ मध्ये उघडकीस आल्याने राजहत्येचा विषय त्या सुमारास ताजा होता. कारणे कोणतीही असोत, मॅकबेथच्या कृत्याला इतिहासाने पुरविलेल्या सबबी शेक्सपिअरने एकेक करून काढून घेतल्या. नाटकातील मॅकबेथजवळ महत्त्वाकांक्षेवाचून दुसरे कारण उरत नाही, आणि हे तो स्वतः जाणतो.

नाटकाची घडण : मॅकबेथचा प्रयोग सायमन फोर्मन याने १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याची नोंद आहे. नाटकाची संहिता १६२३ च्या ‘पहिल्या फोलिओ’त प्रथम छापली गेली. तीतील हेकटी या देवतेचे प्रवेश टॉमस मिडल्टनने घातले असावेत, असे बहुतेक संशोधक मानतात. सु. २,१०० ओळींची ही शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकात्मिका होय. तीतील जवळजवळ एक तृतीयांश भाषण एकट्या मॅकबेथच्या तोंडी आहे आणि त्याचा मोठा भाग स्वगतांचा आहे. खुनापूर्वी तो साऱ्या परिणामांचा विचार करतो. डंकन आपला नातलग, राजा व पाहुणा आहे, म्हणजे तीन नात्यांनी तो आपल्याकडून अवध्य आहे, हे त्याला कळते. हवेत तरंगणारा खंजीर दिसल्यावर तो भास आहे, हेही त्याला कळते. प्रत्यक्ष खून रंगमंचावर दाखविलेला नाही. प्रेक्षकाला दिसतात ते खुनाच्या आधीचे व नंतरचे त्याचे मन आणि त्याचे रक्ताळलेले हात. दारावरची थाप आणि द्वारपालाचा विनोद यांनी ही कोंडी फुटते. टॉमस डी क्विन्सीने १८२३ मध्ये या थापेवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. या थापेने थांबलेले मानवी जग पुन्हा सुरू होते व त्यामुळे आधीची भयानकता अधिक जाणवते, असे त्याने त्यात दाखवून दिले.

सदसद्‍विवेक शाबूत असलेला माणूस डोळसपणे पाप करतो आणि पुढे त्या विवेकाचाच क्षय होत जातो, हा नाटकाचा आशय होय. पत्नीच्या निधनाची वार्ता आल्यावर त्याला आयुष्य निरर्थक वाटू लागते. हा शून्यपणा प्रेक्षकाला हेलावतो. कारण काय गमावले, हे सांगण्याची वाणी त्या माणसाजवळ अखेरपर्यंत शिल्लक आहे.

चित्रपटाची निर्मिती : मॅकबेथवर चित्रपट काढण्याचा कुरोसावाचा विचार राशोमोन (१९५०) या चित्रपटानंतरचा, तथापि ऑर्सन वेल्सचा मॅकबेथ (१९४८) नुकताच येऊन गेल्याने त्याने तो काही काळ लांबणीवर टाकला. तोहो या संस्थेने निर्मिलेला कुमोनोसु-जो जानेवारी १९५७ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या लंडन चित्रपट महोत्सवाचे उद्‍घाटन त्याने झाले. पटकथा कुरोसावा, शिनोबू हाशिमोतो, र्‍यूझो किकुशिमा व हिदेओ ओगुनी यांची; छायालेखन आसाकाझू नाकाईचे व संगीत मासारू सातोचे. वाशिझू (मॅकबेथ), त्याची पत्नी आसाजी व मिकी (बँको) या भूमिका अनुक्रमे तोशिरो मिफूने, इसुझू यामादा व मिनोरू चिआकी यांनी केल्या. किल्ल्याचे बाह्य नेपथ्य योशिरो मुराकीने फुजी पर्वताच्या उतारावर उभारले. तेथील काळी ज्वालामुखीय माती व दाट धुके दिग्दर्शकाला हवे होते; आतील चौकाची दृश्ये कलागृहात घेताना तेथेही हीच माती नेऊन पसरण्यात आली.

कथानक जपानमधील यादवीच्या काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांत, योजिलेले आहे. या काळाचे वर्णन जपानी भाषेत ‘गेकोकुजो’ या शब्दाने केले जाते. खालच्याने वरच्याला उलथून टाकणे, असा त्याचा अर्थ. मांडलिकाने धन्याला मारून त्याचा प्रदेश बळकावणे ही तेव्हा अपवादात्मक घटना नव्हती. रूपांतरासाठी हा काळ निवडताच नाटकातील मूळ समस्येचे स्वरूप पालटले.

कथानकातील फेरफार : चित्रपटात तीन चेटकिणींऐवजी कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे गुंतागुंतीच्या वाटा असलेल्या रानात चरख्यावर सूत काढणारी एकच पिशाचवत वृद्धा आहे. तिची कल्पना कुरोझुका या नो नाटकावरून सुचली. वाशिझू किल्ल्याचा स्वामी होईल व पुढे मिकीचा मुलगा त्या पदावर येईल, असे ती सांगते. ती नाहीशी झाल्यावर तिच्या झोपडीमागे दोघांना सैनिकांच्या अस्थींचे व चिलखतांचे ढीग दिसतात. या वाटेने पूर्वीही अनेक जण गेले आहेत, याची ही सूचना होय.

सर्वांत महत्त्वाचा बदल डंकनच्या बाबतीतील आहे. चित्रपटातील किल्लेदार त्सुझुकी याने स्वतःच पूर्वीच्या धन्याला मारून सत्ता मिळविलेली आहे. आसाजी पतीला नेमके याचेच स्मरण करून देते. भविष्यवाणी मिकीने धन्याच्या कानावर घातली, तर तो वाशिझूला जिवंत ठेवणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. पुढे त्सुझुकी शिकारीच्या मिषाने वाशिझूच्या गढीवर येतो आणि त्याला आघाडीवर लढण्यास नेमतो. हा सन्मान आहे, की मृत्यूच्या तोंडी देण्याची युक्ती, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. मिकीही बँकोसारखा निष्कलंक नाही. भविष्यवाणीत त्याच्या मुलाचाही लाभ असल्याने तो वाशिझूला किल्ल्याची दारे उघडून देतो आणि त्याच्या पदाला मूक संमती देतो.

शेक्सपिअरने काढून घेतलेल्या सबबी कुरोसावाने अशा रीतीने परत दिल्या आहेत. दुबळा किंवा दोषी धनी, कटात सामील झालेला मित्र, डावलले जाण्याची भीती ही सर्व हॉलिन्शेडच्या इतिवृत्तात होतीच. शेक्सपिअरचे कथानक जपानी इतिहासात रुजविताना चित्रपट नकळत नाटकापेक्षा त्याच्या आधारग्रंथाच्या जवळ गेला, असे म्हणता येईल. याचा परिणाम नायकाच्या स्वभावावर झाला. मॅकबेथला पापाचे भय वाटते, वाशिझूला माणसांचे. पहिला आपल्या मनाशी वाद घालतो. दुसऱ्याच्या मनातील शंका त्याची पत्नी बोलून दाखविते आणि तो त्या नाकारण्याचा प्रयत्न करतो.

मौन व ‘नो’ शैली : स्वगते गेल्यामुळे रिकामी झालेली जागा कुरोसावाने जपानच्या प्राचीन नो नाट्याच्या साधनांनी भरून काढली. नटांना त्याने भूमिकेनुरूप नो मुखवट्यांची छायाचित्रे दाखवून मुद्राभिनयाची दिशा ठरवून दिली. मिफूनेसाठी योद्ध्याचा ‘हेइदा’ आणि यामादासाठी वेडाच्या उंबरठ्यावरील प्रौढ सुंदर स्त्रीचा ‘शाकुमी’ हे मुखवटे निवडले होते. आसाजीचे जमिनीला पाय न सोडता चालणे, तिची निश्चल बैठक, तिच्या रेशमी वस्त्रांची सळसळ, तसेच बासरी व ढोलाचे तुरळक ध्वनी या सर्वांचा उगम नो रंगभूमीत आहे. निकटदृश्ये फार थोडी असून कॅमेरा बहुधा पात्रांपासून दूर राहतो. प्रेक्षक त्यांच्या मनात शिरत नाही, त्यांच्याकडे पाहत राहतो.

हत्येचा प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नाटकाप्रमाणेच चित्रपटातही खून दाखविलेला नाही. नाटकात त्याभोवती शब्दांची दाटी आहे, तर चित्रपटात दीर्घ शांतता आहे. एका बंडखोर सरदाराने जेथे आत्महत्या केली व ज्याच्या भिंतीवरचा रक्ताचा डाग पुसला गेला नाही, अशा दालनात पतिपत्नी रात्र काढतात. आसाजी पहारेकऱ्यांना गुंगीचे मद्य पाजते, एक भाला आणून पतीच्या हाती देते आणि एकटी वाट पाहत राहते. वाशिझू परततो, तेव्हा त्याची बोटे भाल्याभोवती आवळली गेलेली असतात. ती सोडवून भाला तिला काढून घ्यावा लागतो. जे मॅकबेथ काव्यातून सांगतो, ते येथे शरीर सांगते. मात्र शरीर भय व्यक्त करू शकते; कृत्याची मीमांसा करू शकत नाही. वाशिझूला काय वाटते हे प्रेक्षकाला कळते, पण आपण काय केले याबद्दल त्याचा विचार कोणता, हे कळत नाही.

द्वारपालाच्या जागी चित्रपटात सामान्य सैनिकांचे संवाद आहेत. किल्ल्याचा पाया डळमळत असल्याने उंदीरही तो सोडून जात आहेत, असे ते आपसांत कुजबुजतात. या संवादांमुळे सत्ताधाऱ्यांच्या कृत्यांकडे पाहणारा एक तळचा वर्ग कथानकात येतो. नाटकात त्याला एवढे स्थान नाही, आणि शेवटी निर्णायक ठरतो तो हाच वर्ग.

लेडी मॅकबेथ व आसाजी : लेडी मॅकबेथ अशुभ शक्तींना आवाहन करून आपल्यातील स्त्रीत्व काढून टाकण्याची मागणी करते. तिलाही आपल्या स्वभावाशी झगडावे लागते, हे यावरून सूचित होते. झोपेत चालत हात धुण्याच्या प्रवेशात दडपलेला विवेक वर येतो. आसाजीच्या ठिकाणी असा संघर्ष दिसत नाही. ती शांतपणे, जवळजवळ भावशून्य स्वरात व्यवहार सांगते. कुरोसावाने तिला एक वेगळे दुःख दिले आहे. लेडी मॅकबेथने मूल अंगावर पाजल्याचा उल्लेख नाटकात असला, तरी त्या दांपत्याच्या अपत्याविषयी नाटक काहीच सांगत नाही. चित्रपटात निपुत्रिक वाशिझू मिकीच्या मुलाला वारस नेमण्यास तयार होतो. परंतु आपण गर्भवती असल्याचे आसाजी सांगते आणि मिकीचा वध अटळ होतो. पुढे मूल मृतावस्थेत जन्मते आणि ज्या भविष्यासाठी रक्तपात केला, ते भविष्यच नाहीसे होते. त्यानंतर रिकाम्या पात्रात हात धूत बसलेली आसाजी दिसते. नाटकातील या प्रसंगी अपराधाची जाणीव प्रभावी आहे; चित्रपटात तिच्याइतकीच वांझ झालेल्या आकांक्षेचीही आहे.

शेवट : नाटकात मॅकबेथ एकाकी पडतो, परंतु शरण जात नाही. बर्नमचे रान डन्सिनेनकडे सरकल्यावर आणि मॅकडफचा जन्म स्वाभाविक रीतीने झालेला नाही हे समजल्यावरही तो लढून मरतो. मॅल्कम नवा राजा होतो, सरदारांना नव्या पदव्या देतो आणि राज्याभिषेकासाठी सर्वांना स्कोन येथे बोलावतो. विस्कटलेली व्यवस्था पुन्हा मार्गी लागते.

चित्रपटात मॅकडफचे पात्र आणि त्याच्या जन्मासंबंधीचे भविष्य ही दोन्ही नाहीत. उरते ते रान चालून येण्याचे भविष्य. हे गुपित वाशिझू सैनिकांना धीर देण्यासाठी स्वतःच सांगून टाकतो. रात्री रानातील पाखरे किल्ल्याच्या सभागृहात घुसतात आणि पहाटे धुक्यातून झाडे पुढे सरकू लागतात. तेव्हा सैनिकांचा विश्वास उडतो आणि त्यांचे बाण त्याच्याकडे वळतात. धन्याला मारणे हा महाद्रोह आहे, असे तो त्यांना ओरडून सांगतो. आधीच्या धन्याला कोणी मारले, असा प्रतिप्रश्न त्याच्यावर येतो. या प्रसंगी मिफूनेभोवती खरे बाण मारण्यात आले होते. शेवटचा बाण मानेतून आरपार जातो आणि वाशिझू आपल्याच सैन्यापुढे कोसळतो. चित्रपटाची सुरुवात धुक्यातील स्मृतिस्तंभाने व मानवी आकांक्षेच्या विनाशावरील समूहगीताने होते. तेच दृश्य व गीत अखेरीस परत येतात. राज्याभिषेक किंवा सुव्यवस्थेची ग्वाही तेथे नाही. किल्लाच उरलेला नाही.

तुलनात्मक मूल्यमापन : शेक्सपिअरचा शब्द नसलेल्या कृतीला त्याच्या नाटकाचे रूपांतर म्हणावे काय, असा प्रश्न या चित्रपटाबाबत वारंवार विचारला गेला. काव्य हाच नाटकाचा प्राण मानणाऱ्यांच्या मते तो एक स्वतंत्र व श्रेष्ठ चित्रपट ठरतो. उलट, काव्यातील प्रतिमांना चित्रपटाच्या भाषेत पर्याय शोधणे हीच खरी निष्ठा, असे मानणाऱ्यांना तो शेक्सपिअरच्या चित्रपटरूपांतील अग्रगण्य वाटतो. धुके, रक्त, पक्षी, अंधार व रान या नाटकातील शाब्दिक प्रतिमा चित्रपटात दृश्य व ध्वनी यांच्या रूपाने अवतरल्या आहेत, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

जबाबदारीच्या प्रश्नावर मात्र दोन्ही कृतींची दिशा भिन्न राहते. एक वाईट कृत्य सुव्यवस्थित जगात घडले, तर ते एका माणसाचे पाप ठरते. ज्या जगात प्रत्येकाने तेच केले आहे, तेथे ते रूढी बनते. वाशिझूला सबबी मिळाल्याने त्याचा अपराध हलका व्हावा, अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. त्याच्यापाशी असलेली प्रत्येक सबब त्याच्या सैनिकांपाशीही आहे आणि तिच्याच आधारे ते त्याला मारतात. मॅकबेथला त्याचा विवेक आतून शिक्षा देतो. वाशिझूला त्याने स्वीकारलेला नियम बाहेरून शिक्षा देतो. नाटकाइतकी अंतर्मुखता चित्रपटात नाही, ही त्याची मर्यादा होय. तथापि दुष्कृत्य पिढ्यान्‌पिढ्या कसे पुढे चालते याची जाण त्यात अधिक व्यापक आहे. नाटकातील मॅल्कमच्या हाती राज्य येताच सर्व काही सुरळीत होते, ही समाप्ती चित्रपट पाहिल्यानंतर पूर्वीइतकी निःशंकपणे स्वीकारता येत नाही. रोमान पोलान्स्कीच्या मॅकबेथच्या (१९७१) अखेरीस मॅल्कमचा धाकटा भाऊ चेटकिणींच्या गुहेकडे जाताना दाखविला आहे. त्यातही हीच शंका व्यक्त झाली आहे.

भारतातही हे नाटक निरनिराळ्या रूपांत अवतरले. मराठीत शि. म. परांजपे यांचे मानाजीराव (१८९८) आणि वि. वा. शिरवाडकर यांचे राजमुकुट (१९५४) ही त्याची रूपांतरे होत. विशाल भारद्वाज यांच्या मकबूल (२००३) या हिंदी चित्रपटात ते मुंबईच्या गुन्हेगारी जगतात नेले असून तेथेही मारला जाणारा प्रमुख स्वतः निष्कलंक नाही. कुरोसावाने पुढे किंग लिअरवर आधारित रान (१९८५) हा चित्रपट काढला. वृद्ध सरदाराने स्वतः पूर्वी केलेल्या कत्तलींचा इतिहास त्यात जोडून लिअरच्या दुःखालाही त्याने भूतकाळातील कृत्यांची साखळी दिली. शोकात्म नायकाच्या पतनामागे त्याच्या आधीच्यांची पतने पाहणे, ही अभिजात शोकात्मिकेकडे पाहण्याची कुरोसावाची दृष्टी होय. तिचा पहिला परिपूर्ण आविष्कार कुमोनोसु-जो या चित्रपटात आढळतो.